होडीसाठी जीपीएस घेताना : कर्जाच्या अर्जाआधीचे प्रश्न



मागे तुळिंजच्या कार्यालयात कर्जाचे अर्ज बघताना एका अर्जावर अडले. कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं, ‘होडीसाठी मशीन’. किनाऱ्यावरच्या गटातल्या त्या ताईंना विचारलं, कुठलं मशीन? त्या म्हणाल्या, “जीपीएस गं. दुकानदार म्हणतो, मोठ्या पडद्याचं घ्या. होडी कुठे आहे ते घरी कळलं की जिवाला घोर नाही.”

खरं सांगते, जीपीएस असला की घरी कळतं असं मलाही वाटायचं. मग गटातल्याच एका तांडेल काकांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, “मला कळतं मी कुठे आहे. तुमच्या काकूला कसं कळणार?” त्या उत्तरामुळे आजचा हा धडा लिहिते आहे. कर्ज आपल्या नावावर असतं आणि हप्ता आपण भरतो, त्यामुळे वस्तू काय करते आणि काय करत नाही, हे आपल्याला ठाऊक हवं.

जीपीएस काय करतो?

आकाशात अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात आणि सतत संदेश सोडत असतात. होडीवरचं यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश पकडतं आणि त्यावरून स्वतःची जागा काढतं. म्हणजे ते आपल्या घरातल्या रेडिओसारखं आहे. ऐकतं, पण बोलत नाही. त्यामुळे त्याला सिमकार्ड लागत नाही आणि महिन्याचं रिचार्जही लागत नाही. साध्या जीपीएससाठी कोणी रिचार्जचे पैसे सांगितले, तर ते कशाचे हे आधी विचारा.

पूर्वी जीवदानीचा डोंगर, अर्नाळ्याचा किल्ला अशा खुणा जुळवून लोक जागा धरायचे. आजही धरतात. पण धुक्यात, पावसात किंवा रात्री खुणा दिसत नाहीत. तिथे जीपीएस कामाला येतो. डोल जाळ्याची कव पुन्हा सापडते, फिरफिर वाचते, डिझेल वाचतं आणि परतीची वाट चुकत नाही.

आपल्या होडीला कोणता?

*मोबाईल :* नेटवर्क गेलं तरी मोबाईलमधला जीपीएस चालतो, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. पण ओल्या हातांनी पडदा चालत नाही, उन्हात दिसत नाही आणि बॅटरी संपते. तो जोडीला असू द्या, त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नये.

*हातात धरायचा जीपीएस :* सकाळी जाऊन दुपारी परत येणाऱ्या लहान होडीला हा बहुतेक वेळा पुरतो. साध्या सेलवर चालणारे मिळतात, म्हणजे जादा सेल प्लास्टिकच्या डब्यात ठेवले की झालं. होडीवर वायरिंग नसेल तर हाच सोयीचा.

*होडीत बसवायचा जीपीएस :* पडदा मोठा असतो आणि समुद्राचा नकाशा दिसतो. पण त्याला होडीची 12 व्होल्टची बॅटरी, नीट वायरिंग आणि फ्यूज लागतो. केबिन नसेल तर खारं पाणी थेट त्याच्यावर येतं. दोन-चार दिवस बाहेर राहणाऱ्या बोटीला तो योग्य.

*फिशफाइंडरसह :* हा पाण्याची खोली आणि खाली मासळी आहे का ते दाखवतो. त्यासाठी होडीच्या तळाला वेगळा भाग बसवावा लागतो. ठरलेल्या कवीवर डोल लावणाऱ्यांनी याचा जादा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

दुकानात हे तपासा

1. पडदा दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा. दिव्याखाली सगळेच चांगले दिसतात.
2. बटणं आहेत की नुसता स्पर्शाचा पडदा? समुद्रावर हात ओले असतात, बटणं बरी.
3. ‘आयपीएक्स 7’ लिहिलंय का? म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जाऊ नये. पण याचा अर्थ ते तरंगेल असा नाही. तरंगतं का, हे वेगळं विचारा. नाहीतर दोरी बांधायची.
4. ‘एमओबी’ बटण आहे का? माणूस पाण्यात पडला की हे दाबायचं. यंत्र ती जागा धरून ठेवतं आणि परत तिथे न्यायला मदत करतं. ते खलाशालाही दाबता आलं पाहिजे, एकट्या तांडेलाला येऊन भागत नाही.
5. पक्कं बिल, वॉरंटी कार्ड, दुरुस्ती कुठे होते याचा पत्ता. निदान तीन दुकानांचे लेखी भाव घ्या.

वापरणाऱ्याला दुकानात सोबत न्या. त्याने स्वतः एक जागा साठवून पुन्हा शोधून दाखवली, तरच पैसे द्या.

एका ठिपक्याने किती फरक पडतो

हा भाग आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. जागा दोन आकड्यांनी सांगतात, एक उत्तरेचा आणि एक पूर्वेचा. एका अंशात 60 मिनिटं. उत्तरेच्या आकड्यात एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर.

अर्नाळ्यासमोर असलेल्या होडीचा उत्तरेचा आकडा समजा 19 अंश 27.5 मिनिटं आहे. घाईत कोणी तो ‘19.275’ असा लिहिला तर? 19.275 अंश म्हणजे 19 अंश 16.5 मिनिटं. फरक 11 मिनिटांचा, म्हणजे 11 सागरी मैल, जवळजवळ 20 किलोमीटर. होडी अर्नाळ्यासमोर आणि शोध उत्तनसमोर!

म्हणून आकडा पडद्यावर दिसतो तसाच, अंश आणि मिनिटांच्या खुणांसकट लिहायचा. फोनवर ऐकला तर परत वाचून दाखवायचा. “एकोणीस अंश, सत्तावीस पूर्णांक पाच मिनिटं,” असं पूर्ण बोलायचं.

कवीच्या, खडकांच्या आणि खाडीच्या तोंडाच्या जागा घरातल्या वहीतही उतरवा. यंत्र बिघडलं किंवा पाण्यात गेलं तर वर्षानुवर्षं जमवलेल्या जागा त्याच्यासोबत जातात. जमिनीचा सातबारा जसा जपतो, तशी ही वही जपा.

मग घरी कळणार कसं?

त्यासाठी बोलणारं यंत्र लागतं. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच पंतप्रधानांनी मासेमारी बोटींसाठी ट्रान्सपाँडरची देशव्यापी योजना सुरू केली. किनारपट्टीच्या 13 राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख यंत्रं टप्प्याटप्प्याने बसवायची आहेत. तंत्र इस्रोचं आहे. नेटवर्क नसतानाही उपग्रहातून दोन्ही बाजूंनी संदेश जातो, संकटाची खबर देता येते आणि सागरी हद्द जवळ आली की इशारा मिळतो. इंजिनच्या बोटींना हे यंत्र मोफत आहे. त्यामुळे कर्ज काढण्याआधी बोटीची नोंदणी आणि परवाना चालू आहे का ते बघा आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी करा.

एक सावधगिरी. आखातातून कोणी नातेवाईक सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणून देत असेल, तर घेऊ नका. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. साध्या जीपीएसला ही अडचण नाही.

आणि हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा : तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. होडी निघताना घरी कागदावर चार गोष्टी हव्यात. होडीचं नाव व नंबर, माणसं किती, कुठल्या कवीवर चालली (आकड्यांसकट), आणि परतायची वेळ. वेळ टळली तर त्या कागदावरूनच शोध सुरू होतो.

हप्त्याचं गणित

जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरात मासळीचा पैसा नसतो. म्हणून कर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला घ्या आणि मेअखेर फेडा. बरोबर दहा हप्ते होतात. समजा 20,000 रुपये घेतले आणि गटाचं व्याज महिना एक टक्का, उरलेल्या रकमेवर. मुद्दल दरमहा 2,000. पहिला हप्ता 2,200, शेवटचा 2,020, एकूण व्याज 1,100. वायरिंग, बॅटरी, फ्यूज यांचा खर्च अर्जातच धरा, नाहीतर मशीन येतं आणि पेटीत पडून राहतं.

पुढच्या बैठकीतला सराव

दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने मोबाईलवर आपल्या जागेचा आकडा काढून वाचायचा, दुसरीने न बघता लिहायचा. मग दोन्ही ताडून बघा. ठिपका कुठे चुकला, यावर चर्चा करा आणि इतिवृत्तात नोंद घ्या. तुळिंज-नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या ताईंनीही हे करावं. त्यांची टोपली त्याच होडीवर अवलंबून आहे.

त्या अर्जाचं काय झालं? ताई पुढच्या बैठकीला आपल्या मालकांना घेऊन आल्या. त्यांची होडी रोज दुपारी परतते, वायरिंग नाही. हातात धरायचं मशीन ठरलं, रक्कम निम्म्यावर आली आणि त्याच अर्जात चार लाइफ जॅकेट बसले. कारणाच्या रकान्यात ताईंनी या वेळी पूर्ण तीन ओळी लिहिल्या. गटाने एकमताने मंजूर केलं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, तुळिंज