शनिवारचा सण शुक्रवारी का सुरू होतो?

प्रश्न : कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) शुक्रवारी संध्याकाळीच का सुरू करतात? (एक वाचक, आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : हिब्रू परंपरेत नवा दिवस सूर्यास्ताला लागतो. म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ शुक्रवारी तिन्हीसांजेलाच हात थांबवत. याच परंपरेत प्राचीन काळी रात्रीचे तीन पहारे मानत; रोमन अमलात चारही मानले जाऊ लागले. दिवसाचे पुढे बारा समान भाग झाले, त्यामुळे तास ऋतूप्रमाणे लहानमोठा होई : गोंदियाच्या अक्षांशावर जूनमध्ये सुमारे ६७ मिनिटांचा, डिसेंबरात ५४. आपले दिवसाचे चार प्रहरही असेच कमीजास्त होतात. घड्याळ एकच असले, तरी गोंदियात सूर्य अलिबागपेक्षा साधारण अर्धा तास आधी मावळतो. म्हणजे तुमच्याकडे शब्बाथही तेवढा आधी लागेल.