कागद, चर्मपत्र आणि चांदी

जबलपूर शहरातील कमानिया गेट ही १९३९ सालच्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची स्मृती जपणारी कमान होय. तिच्या परिसरातच सराफा बाजार आहे. सराफाच्या तराजूत जुनी चांदीची वस्तू पडली, की तिची किंमत वजनावर ठरते. मग ती समई असो वा पूजेचे तबक. यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, ‘याद’ नावाची एक चांदीची कांडी असते. तिच्या टोकाला इवलासा हात असून त्याचे एक बोट पुढे आलेले असते. चर्मपत्रावर हाताने लिहिलेला ‘तोरा’ हा धर्मग्रंथ वाचताना ही कांडी ओळींवरून फिरवतात; कारण त्या अक्षरांना माणसाच्या बोटाचा स्पर्श होऊ द्यायचा नसतो. तराजूत मात्र ती काही तोळे चांदीच ठरते.

अशा वस्तू, दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखित पत्रे जमवणारे संग्राहक जगभर आहेत. मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठीच. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी कामास सुटी, यांवरून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. कोचीनचे व्यापारी एझकिएल राहबी यांनी १७६८ साली हॉलंडला पाठवलेल्या पत्रात या समाजाचा उल्लेख आहे. ते एक पत्र जपले गेले, म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीच्या या तेल्यांविषयी आज काही सांगता येते.

पुढे छापखाने आले. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचला जाणारा ‘हगादा’ हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४ साली पुण्यातही तो हिब्रू व मराठीत प्रसिद्ध झाला. या पुण्याच्या प्रतीतील चित्रे पाहण्यासारखी आहेत. बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत! इजिप्तमधील गुलामगिरीतून सुटकेची कथा सांगणाऱ्या ग्रंथात असे मराठी स्वयंपाकघर अवतरावे, यातच त्याचे खरे मोल आहे.

मग अशा प्रती दुर्मिळ का झाल्या? एक कारण स्थलांतराचे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हजारो कुटुंबे तिकडे गेली. सामान थोडके न्यायचे. जुनी पुस्तके मागे राहिली. दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. देवाचे नाव असलेला जीर्ण ग्रंथ यहुदी माणूस फेकत किंवा जाळत नाही, तो आदराने जमिनीत पुरतो. श्रद्धावंताच्या दृष्टीने हा ग्रंथाचा सन्मान. संग्राहकाच्या दृष्टीने कायमची हानी. दोघांपैकी कोणालाही चूक म्हणवत नाही.

हस्तलिखिताचे नशीब तर आणखी नाजूक. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तेव्हा लेखक हयात नव्हते. मधली चाळीस वर्षे वाळवी, ओल किंवा एखादी घरबदल पुरेशी झाली असती.

संग्राहकांमध्ये डेव्हिड सॉलोमन ससून यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १८८० साली मुंबईत, बगदादी यहुदी घराण्यात झाला. पुढे इंग्लंडमध्ये राहून त्यांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते जमवली आणि १९३२ साली त्यांची सूची ‘ओहेल डेव्हिड’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यांच्या आजोबांनी उभारलेल्या पुण्याच्या लाल देवळाचेही नाव हेच. १९२९ साली त्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वीचे हिब्रू बायबल ३५० पौंडांना घेतले. २०२३ साली न्यूयॉर्कमधील लिलावात त्यालाच ३ कोटी ८० लाखांहून अधिक डॉलर मिळाले आणि ते तेल अवीवच्या संग्रहालयात पोहोचले.

एवढ्या किमतीमुळे चांगल्या वस्तूंचे रक्षण होते, तसे त्या आपल्या जागेवरून उठतातही. कोचीनच्या एका सिनेगॉगचा लाकडी अंतर्भाग आज जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे. तो टिकला, पण तेथे कोचीनचा पाऊस ऐकू येत नाही. कोकणातील घराघरांतल्या साध्या वस्तूंना तर असा लिलाव कधी मिळत नाही: कीर्तनाच्या वह्या, मोडी किंवा बाळबोधीत लिहिलेली पत्रे, प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर आजोबांनी लिहिलेली मुलांची जन्मतारीख. त्या रद्दीत जायच्या, की कोणी नातवंड उलगडून वाचायचे, हे ज्या दिवशी घर आवरले जाते त्याच दिवशी ठरते.

पाठगत प्रश्न
१. जीर्ण ग्रंथ पुरण्याच्या प्रथेकडे श्रद्धावंत व संग्राहक कोणत्या दृष्टीने पाहतात?
२. पुण्याच्या हगाद्यातील चित्रांचे वेगळेपण तुमच्या शब्दांत सांगा.
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या कागदाविषयी दहा ओळी लिहा.