स्मरणशक्तीची बाटली विकत घेण्याआधी

पोरांनो, औषधाच्या दुकानात माझी उमर गेली. घरातलं म्हातारं माणूस नावं विसरायला लागलं की लोक ‘डोक्याची ताकद वाढवणारं काहीतरी द्या’ म्हणत येतात. तुम्ही तसे धावण्याआधी एवढं ऐका.

गोळीच्या भरवशावर राहू नका. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, हे खरं. म्हणून अँटिऑक्सिडंटने तो आजार टळेल, असं शास्त्रज्ञांनाही वाटलं आणि त्यांनी ते पडताळून पाहिलं. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची परीक्षा ७,५४० पुरुषांवर झाली; २०१७ साली निकाल आला, स्मृतिभ्रंश टळला नाही. गिंको झाडाच्या पानांच्या अर्काचंही २००८ साली तेच झालं. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय.

‘फायदा नाही तर तोटाही नाही’ म्हणू नका. रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने रक्तस्राव होऊ शकतो. अल्झायमर जडलेल्यांपैकी काहींची रोजची कामं ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसामुळे थोडी जास्त काळ टिकली, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

आधी रक्त तपासा. बी-१२ किंवा थायरॉइड कमी असलं तरी माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार आहे. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ कडे जास्त लक्ष द्या.

पैसे भाजीबाजारात खर्च करा. मेथी, पालक, शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात हवा. मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, उसळी, हंगामात जांभळं आणि आवळे. मासे खात असाल तर बांगडा, तारली. महागड्या ब्लूबेरीवाचून काही अडत नाही. तरी आहाराची हमी मी देणार नाही: मेंदू जपण्यासाठी शिकागोत आखलेल्या ‘माइंड’ आहाराची तीन वर्षं चाचणी झाली, २०२३ साली निकाल आला, फरक ठळक दिसला नाही. पण या जेवणाने रक्तदाब, साखर आणि हृदय सांभाळलं जातं, आणि मेंदूचं भलंही त्यातच आहे.

कानाच्या यंत्राची लाज बाळगू नका. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा अशी स्मृतिभ्रंशाची १४ कारणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली मोजली. ती सगळी आवरली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. एवढा दावा कुठल्याच बाटलीला करता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात आलात, तर बाटली मागू नका. रक्तदाबाची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.