गाठ अडकली, तर साथ ओसरण्याची वाट पाहू नका

आदिलाबाद, बेला, जैनथ भागात कापसाची ओझी वाहणाऱ्या अनेकांच्या जांघेत गाठ असते. खोकले की वर येते, आडवे झाले की आत जाते. हा हर्निया, म्हणजेच अंतर्गळ. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे लॉकडाऊन लागले, तेव्हा अशा नियोजित शस्त्रक्रिया देशभर पुढे ढकलल्या गेल्या. ते बरोबरच होते. पण अडकलेला हर्निया साथीतही थांबत नाही.

गाठ बाहेरच अडकली की आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तो तुटला तर साधारण सहा तासांत आतडे काळे पडू लागते. वेळेत आलात तर ते आत सरकवून पोटाच्या भिंतीतली फट शिवता येते. उशीर झाला तर कुजलेला भाग कापावा लागतो.

ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठा :
• गाठ कडक, दुखरी झाली, आडवे होऊनही आत जात नाही
• गाठीवरची कातडी लाल किंवा काळपट झाली
• उलट्या होतात, पोट फुगते, वारा सरत नाही

बायका ही गाठ लाजेपोटी लपवतात. त्यांच्यात मांडीच्या अगदी वर येणारी छोटी गाठ लवकर अडकते, म्हणून ती अंगावर काढू नका.

घरी गाठ जोराने दाबू नका, शेकू नका, एरंडेल देऊ नका. रुग्णाला खायला-प्यायला काहीही देऊ नका. भूल द्यावी लागणार असते. 108 ला फोन करा, आदिलाबादचे रिम्स किंवा जवळचे शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि गाठ किती वाजता अडकली ते सांगा.

ताप-खोकला असेल तर तोही लपवू नका. 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या 24 देशांतील पाहणीत, शस्त्रक्रियेच्या सुमारास कोरोना असलेल्या 1128 रुग्णांपैकी जवळपास 24 टक्के महिन्याभरात दगावले. त्यात सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया होत्या. पुढे 2021 मध्ये नियोजित शस्त्रक्रिया संसर्गानंतर किमान सात आठवडे लांबवण्याचा सल्ला दिला गेला. अडकलेल्या आतड्याला मात्र ही सवलत नाही. तिथे थांबणेच अधिक घातक. कोरोना चाचणीच्या अहवालासाठी शस्त्रक्रिया अडवू नये. साथीच्या काळात संसर्ग आहे असे धरून डॉक्टर पूर्ण काळजी घेत आणि शक्य तिथे पाठीत सुई देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करत.

आज साथ नाही. गाठ असेल तर हीच वेळ आहे. सर्जनला दाखवा, सुगी संपली की तारीख घ्या आणि शस्त्रक्रिया करून मोकळे व्हा.