मोटार सगळ्यात शेवटी उघडा

खेळण्यातली विजेची आगगाडी चालेनाशी झाली की घरात पहिलं निदान एकच होतं: "मोटार गेली." अशी 'गेलेली' इंजिनं बरीच वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला येताहेत. त्यांतल्या फार थोड्यांची मोटार खरोखर गेलेली असते, आणि जी गेलेली असते तीही पुष्कळदा दुरुस्तीच्या पायीच गेलेली असते.

चिपळूणच्या एका कुटुंबाचं इंजिन माझ्या विशेष लक्षात आहे. आजोबांनी साठच्या दशकात विलायतेहून आणलेली ट्राय-अँगची गाडी. इंजिन सहा चाकांचं, छोटं, काळं. या छंदातले लोक त्याला 'जिंटी' म्हणतात. आत एक्स-०४ ही १२ व्होल्ट डीसीवर चालणारी मोटार. हीच मोटार त्या कंपनीच्या कित्येक इंजिनांमध्ये बसवलेली असे, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही इंग्लंडहून मागवता येतात. गाडी अडखळायला लागली म्हणून घरच्यांनी ती एका कारागिराकडे दिली. त्याने मोटार पूर्ण खोलून, स्वच्छ करून, पुन्हा जोडून दिली. त्यानंतर इंजिन हातात धरलं की चाकं भन्नाट फिरायची, रुळांवर ठेवून डबे जोडले की दोन हात जाऊन थांबायचं, आणि मोटारीला बोट लावता येत नसे इतकी ती तापायची.

मूळ बिघाड मोटारीत नव्हताच. त्या काळचे ट्राय-अँगचे रूळ पोलादी होते, आणि कोकणच्या हवेत पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. रूळ गंजले, वीज तुटक मिळू लागली, म्हणून गाडी अडखळली. मोटार खोलण्यात मात्र खरं नुकसान झालं. एक्स-०४मध्ये दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चुंबकाचा ठोकळा असतो. तो अल्निकोचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचा. या जातीच्या चुंबकाचं बळ टिकतं ते त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाने जोडून ठेवलेलं असतं तोवर. ठोकळा नुसता बाहेर काढला की बळ घटतं आणि परत जागेवर बसवला तरी भरून येत नाही.

चुंबक अशक्त झाल्यावर मोटार का तापते, हे समजून घेतलं तर पुढच्या कितीतरी खुणा आपोआप वाचता येतात. फिरणारी मोटार स्वतःही थोडी वीज तयार करते आणि ती बाहेरून येणाऱ्या प्रवाहाला विरोध करते. चुंबक क्षीण झाला की हा विरोध कमी पडतो, प्रवाह वाढतो, वाइंडिंग तापतं; ओढायची ताकद मात्र वाढत नाही. चांगली एक्स-०४ मोकळी फिरताना अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेते. मोटार वेगात फिरतेय, भरपूर प्रवाह खातेय आणि तरी डबे ओढत नाही, असं दिसलं की संशय चुंबकावर घ्यावा. त्या जिंटीत मी नव्या निओडिमियम चुंबकांच्या चकत्या आणि उरलेल्या जागेत लोखंडाचा तुकडा असं बसवलं. आता ती सगळे डबे घेऊन धावते. जुना ठोकळा खास यंत्रावर पुन्हा चुंबकित करूनही घेता येतो, पण ती सोय जवळपास मिळणं कठीण.

म्हणून मी शोध नेहमी भिंतीच्या बाजूने सुरू करतो. आधी ट्रान्सफॉर्मर. साठ वर्षांच्या वायरींचं आवरण तडकलेलं असतं. अशी पेटी २३० व्होल्टला लावूच नये, उघडूही नये. ती आठवण म्हणून कपाटात ठेवावी आणि गाडीसाठी १२ व्होल्ट डीसी, एक अँपिअरचा नवा कंट्रोलर घ्यावा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी लायोनेलची जुनी गाडी पाठवली असेल तर आणखी सावध राहा. तिचा ट्रान्सफॉर्मर तिथल्या १२० व्होल्टसाठी बनलेला असतो. आपल्याकडे प्लग बसला म्हणजे चालेल असं नाही, तो जळेल.

मग रूळ. मल्टिमीटर डीसीवर ठेवून कंट्रोलरजवळ आणि रुळांच्या सर्वांत लांबच्या टोकाला व्होल्टेज मोजा, तेही गाडी रुळावर असताना. लांबच्या टोकाला बरंच कमी भरलं तर सांधे सैल किंवा गंजलेले आहेत. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसावेत. भांडी घासायची तारेची घासणी चुकूनही वापरू नका. तिचे बारीक तंतू चुंबकाकडे ओढले जातात आणि आर्मेचरभोवती, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाभोवती, अडकून शॉर्ट करतात.

यानंतर इंजिन उलटं धरून दोन वायरी थेट दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा. इथे फिरलं, रुळावर नाही, तर दोष रुळांत. चाकांना लावून फिरत नाही पण मोटारीच्या टोकांना लावून फिरतं, तर चाकांवरचा काळा थर किंवा वीज घेणाऱ्या पट्ट्या बघा. मोटारही फिरत नसेल तर वीज लगेच काढा. अडकलेली मोटार काही सेकंदांत वाइंडिंग जाळते. चाकांच्या आसात केस गुंतलेत का, जुनं ग्रीस दगड झालंय का, ते तपासा.

एवढं झाल्यावर मोटारीकडे वळावं, आणि तेव्हाही चुंबक आणि आर्मेचर जागच्या जागी ठेवूनच. आधी कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश, बघा. ते झिजून संपले की त्यांना धरणारी पितळी पट्टी, ते ज्यावर टेकतात त्या कम्युटेटरवर घासते आणि तो कायमचा ओरखडतो. एक्स-०४मध्ये दोन्ही कार्बन एकाच स्प्रिंगने दाबलेले असतात आणि त्या स्प्रिंगच्या एकाच पायावर इवलीशी इन्सुलेशनची नळी असते. साफसफाईत ही नळी हरवते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मोटार शॉर्ट होते. स्प्रिंग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कम्युटेटर अल्कोहोलने पुसून त्याच्या तीन भेगा लाकडी टूथपिकने कोरून काढा. तिथे तेल आणि कार्बनची भुकटी मिळून काळा लगदा बसतो आणि वीज आडवाटेने जाते. मग कम्युटेटरच्या दोन-दोन भागांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर वाइंडिंग ठीक आहे. एखादा फारच वेगळा आला तरच आर्मेचर बदलण्याचा विचार करावा.

तेल शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल तेवढं, फक्त दोन्ही बेअरिंगांना. आपल्याकडे हाताशी असतं म्हणून खोबरेल घालतात. ते थंडीत थिजतं आणि कालांतराने चिकट होतं. खोबरेल घातलेलं इंजिन आलं की निम्मा वेळ ते काढण्यातच जातो.

सेलवर चालणाऱ्या स्वस्त गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे आधी सेलच्या स्प्रिंगांवरची पांढरी-हिरवी बुरशी व्हिनेगरने पुसून कोरडी करा. तरीही चालली नाही तर मोटार सरळ बदला, तसली छोटी मोटार इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते.

दुरुस्त झालेलं इंजिन लगेच डब्यांना जोडू नका. अर्ध्या वेगात दहा-पंधरा मिनिटं पुढे, तेवढंच मागे चालवा, म्हणजे नवे कार्बन कम्युटेटरवर नीट बसतात. मधून मधून मोटारीला बोट लावा. कोमट लागली तर हरकत नाही. चटका बसला तर थांबा, आणि प्रवाह मोजल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.