बळजबरीने वदवलेले शब्द

मक्केत हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांचा अनन्वित छळ करून त्यांच्या मुखातून इन्काराचे शब्द वदवून घेण्यात आले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या अंतःकरणाची स्थिती विचारली, ते ईमानवर स्थिर होते. सूरह अन्-नहलच्या आयत 106 ने अशा विवश माणसाला दोषमुक्त ठेवले. फिकहमध्ये यास ‘इकराह’ म्हणतात.

जबरदस्तीने वदवलेला तलाक हनफी मतानुसार लागू होतो. शाफई, मालिकी व हंबली मतानुसार होत नाही. निरपराधाची हत्या मात्र कोणत्याही धमकीने वैध ठरत नाही; आपला जीव दुसऱ्याच्या जिवाहून मौल्यवान नाही.

म्हणून मुलीच्या निकाहाला संमती घेताना स्वतःला विचारा: हा होकार तिच्या मनाचा आहे की आपल्या धाकाचा?