गोळी कोणाला द्यावयाची नाही?

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा हत्तीरोगाचा पट्टा म्हणून आरोग्य खात्यास फार पूर्वीपासून परिचित आहे. देशात २००४ साली सामुदायिक औषधोपचाराची मोहीम सुरू झाली. त्यानंतर भंडारा जिल्ह्यातील गावांतही आशा स्वयंसेविकांनी घरोघर जाऊन डीईसी व अल्बेंडाझोल या गोळ्या लोकांना समक्ष खाऊ घातल्या. या रोगाचे जंतू अंगात असूनही माणसास वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. पाय सुजल्यावर पश्चात्ताप करून उपयोग नसतो. यास्तव धडधाकट दिसणाऱ्यांनाही गोळी द्यावी लागते.

धडधाकट माणसास औषध द्यावयाचे, तर जबाबदारी दुप्पट होते. दारात उभ्या असलेल्या कार्यकर्तीस एक वाक्य हमखास ऐकावे लागते, “ही गोळी मला मानवत नाही.” हे वाक्य कधी अगदी खरे असते आणि कधी केवळ भीतीपोटी उच्चारलेले असते. खरे असता गोळी दिली तर जिवाशी गाठ. भीतीपोटीचे वाक्य खरे मानून घर सोडले, तर रोग गावात टिकून राहतो. “मानवत नाही” या एका शब्दप्रयोगात निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करता येणे हे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास आवश्यक आहे.

यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे वर्ज्य अवस्था. औषध चांगले असते, रुग्णही त्यास पात्र असतो. परंतु विशिष्ट स्थितीत ते देऊ नये असा वैद्यकाचा नियम असतो. हत्तीरोगाच्या गोळ्या दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी व्यक्ती यांना देत नाहीत. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध जोडण्यात आले, तेव्हा त्यात आणखी एका नियमाची भर पडली. आयव्हरमेक्टिनची मात्रा माणसाच्या उंचीवरून ठरते आणि पाच वर्षांखालील किंवा ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते देत नाहीत. उंची मोजण्याची खुणा केलेली काठी कार्यकर्तीच्या हाती असते ती याचसाठी. घाईच्या वेळी ती काठी भिंतीला टेकवून ठेवून अंदाजाने गोळ्या वाटणे हा नियमभंग होय.

वर्ज्य अवस्था केवळ माणसावरच नव्हे, तर मुलखावरही अवलंबून असते, हे सहसा कोणी सांगत नाही. आफ्रिकेच्या ज्या भागांत नदीकाठच्या माश्यांपासून होणारा व अंधत्व आणणारा कृमिरोग आढळतो, तेथे डीईसी देण्यास मनाई आहे. कारण या गोळीने ते कृमी मरू लागले की डोळ्यांना इजा होऊ शकते. तो रोग भारतात नाही, म्हणून येथे तीच गोळी निर्धास्तपणे देता येते. नियमामागील कारण ठाऊक असले की नियम पाळणे सोपे जाते आणि अनाठायी भीतीही उरत नाही.

दुसरी गोष्ट औषधाच्या प्रतिक्रियेची. डीईसी घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ किंवा चक्कर असा त्रास होतो. अंगातील सूक्ष्म कृमी मेल्यामुळे तो बहुधा होतो आणि एकदोन दिवसांत शमतो. म्हणजे ज्याला त्रास झाला, त्याच्याच अंगात जंतू असण्याचा संभव अधिक. दुर्दैव असे की, हाच मनुष्य पुढील वर्षी गोळी नाकारतो आणि शेजाऱ्यांनाही परावृत्त करतो. उपाशीपोटी गोळी घेतल्यास मळमळ वाढते. जेवणानंतर गोळी द्यावी ही सूचना त्यासाठीच आहे.

ॲलर्जी ही याहून वेगळी. औषधाचा गुणधर्म व जंतूंचा मृत्यू यांच्याशी तिचा संबंध नसतो. शरीराची संरक्षणयंत्रणाच त्या औषधास शत्रू समजून चवताळते. अंगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, धाप लागणे, भोवळ येऊन नाडी मंदावणे ही तिची लक्षणे होत. पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर ती काही मिनिटांतच दिसू शकतात. तथापि ॲलर्जी नेहमी तात्काळच येते असे नाही. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडविषयी भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना दिली. या औषधाने क्वचित ताप, पुरळ, गाठींची सूज व अंतर्गत अवयवांना इजा असा गंभीर विकार होतो. या विकाराची लक्षणे गोळी घेतल्यावर कित्येक आठवड्यांनीही दिसू शकतात. तोवर रुग्ण गोळीचे नावही विसरलेला असतो.

नाव विसरणे हीच खरी अडचण होय. “कोणते तरी इंजेक्शन मानवत नाही” या माहितीचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. औषधाचे नाव, ते कधी घेतले, त्यानंतर किती वेळाने काय झाले, एवढे एका कागदावर लिहून तो आधारपत्राप्रमाणे जपून ठेवला, तर तो जीव वाचवू शकतो. शाळेतील मुलांच्या बाबतीत हे काम शिक्षकांना सहज करता येईल.

ॲलर्जीची शक्यता असूनही औषध द्यावेच लागते, असाही एक प्रसंग आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांध्यांत सर्पदंश होतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावरील लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते आणि काही रुग्णांना तिची तीव्र प्रतिक्रिया येते. परंतु विषबाधा झालेल्या रुग्णास ती देण्यास संपूर्ण मनाई अशी नाही. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ ठेवून ती दवाखान्यातच द्यावयाची असते. “मागे त्रास झाला होता” म्हणून रुग्णास मांत्रिकाकडे नेणे प्राणघातक ठरते.

हिवतापावरील प्रायमाक्विनची गोष्ट अधिक नाजूक आहे. काही लोकांच्या रक्तपेशींत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते, व अशांच्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात, हे १९५६ साली अमेरिकेतील संशोधनातून उमगले. हा दोष पुरुषांत अधिक आढळतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, एकाएकी थकवा येणे, यांपैकी काहीही दिसताच गोळी थांबवून रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्णही असल्याने पुष्कळजण दोन्ही दोष एकच समजतात. ते एक नव्हेत. सिकलसेलचे कार्ड पाहून दुसऱ्या दोषाविषयी काहीच कळत नाही. गरोदर स्त्रिया व एक वर्षाखालील बालके यांनाही प्रायमाक्विन वर्ज्य आहे.

राहिला प्रश्न एका औषधाचा दुसऱ्या औषधावर होणाऱ्या परिणामाचा. येथे दोन्ही औषधे निर्दोष असतात, त्यांचा संयोग सदोष असतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यकृतास इतके कामास लावते की, संततिनियमनाच्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात व त्यांचा भरवसा राहत नाही. ज्या घरी क्षयाचे औषध सुरू आहे, त्याच घरी आशाताई माला-एन देत असल्यास दुसरे साधन सुचविणे अगत्याचे आहे. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही. मध्ये दोन तासांचे अंतर हवे. मेट्रोनिडाझोल चालू असता दारू, मग ती मोहाची का असेना, घेऊ नये अशी सूचना आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा वृद्ध गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामकाची पुडी आणतो, तेव्हा रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडावर ताण येतो. त्या पुडीत काय आहे हे बहुधा दुकानदारासही ठाऊक नसते. औषधाची पट्टी किंवा वेष्टन घेऊनच दवाखान्यात जाण्याची सवय गावास लावावी.

औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून कार्यरत असून १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण वा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास खर्च येत नाही.

हत्तीरोगाच्या मोहिमेत वगळलेल्यांची यादी मात्र बहुतेक ठिकाणी मोहीम संपताच बासनात जाते. वर्ज्य अवस्था बहुधा तात्पुरती असते. या वर्षी गरोदर म्हणून सोडलेली स्त्री पुढील फेरीस बाळंत झालेली असेल, दीड वर्षाचे मूल तोवर अडीच वर्षांचे होईल, आणि तापाने अंथरुणास खिळलेला मनुष्य शेतावर जाऊ लागेल. ती यादी पुढील मोहिमेच्या पहिल्या दिवशी आशाताईंच्या हाती असली पाहिजे.